विचारून घेतलेला आवाज

पगारे सर, मॅडमची लेक मृणाल, कॉलनीतले काका-काकू, मॅडमचे जुने विद्यार्थी, आणि आपल्या केंद्रातली सगळी मुलं, तुम्हा सर्वांना नमस्कार.

"वैशालीला पुढे करा, ती बोलेल," असं मॅडम प्रत्येक कार्यक्रमात म्हणायच्या. मी बोलायचेही. पण समोर पहिल्या रांगेत त्या बसलेल्या असायच्या. आज तिथे त्या नाहीत. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी वैशाली आहेर. मूळची देवळ्याची. पॉलिटेक्निकला मॅडमची विद्यार्थिनी, आणि आता त्यांच्यासोबत केंद्राचं काम बघते. मागच्या आठवड्यात मॅडमचं हृदय झोपेतच थांबलं. आदल्या संध्याकाळी त्या केंद्रातच होत्या. कुणाला तरी चांगलं फैलावर घेत होत्या. म्हणजे बघा, शेवटच्या दिवसापर्यंत ड्यूटीवर!

मला रडू येतंय, ते लपवत नाही. पण मी आज इथे अभिमानानं उभी आहे. का, ते सांगते.

मॅडम रिटायर झाल्या तेव्हा मी पुण्याची नोकरी सोडून, लग्नानंतर नाशिकला आले होते. एके दिवशी त्यांचा फोन आला. "वैशाली, आयुष्यभर मुलं शिकवली. सगळी पुण्याला, बंगळुरूला गेली आणि दुसऱ्यांच्या कल्पना बांधत बसली. इथेच राहून स्वतःची बांधली तर?"

मी म्हटलं, "मॅडम, कशातलं?"

"हे नवीन एआय आलंय ना, सांगितलं की लिहून देतं, बोलून दाखवतं, चित्र काढतं. त्यातलं. त्याला कारखाना लागत नाही. डोकं लागतं, आणि पाठीशी कुणीतरी अनुभवी माणूस लागतं. डोकी आहेत. माणसं मी आणते."

आणि आणली! इंदिरानगरमधल्या बंद पडलेल्या क्लासचा हॉल घेतला. बाहेर पाटी लावली, 'इन्क्युबेटर', म्हणजे नव्या कंपन्या उभ्या करायला हात देणारं केंद्र. आमच्या समोरच्या कुलकर्णी काकू, त्या बघा, आत्ता हसतायत, त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, अंडी उबवायचं मशीन आणलंत का हो?" मॅडम म्हणाल्या, "हो, पण आमची पिल्लं जरा जास्त बोलतात."

मार्गदर्शक म्हणून त्यांनी जुने विद्यार्थी पकडले. मोठमोठ्या कंपन्यांत बसलेले. एक जण म्हणाला, "मॅडम, खरंच वेळ नाही हो." यांचं उत्तर, "रविवारी दाढी करतोस ना? फोन स्पीकरवर ठेव आणि आमच्या मुलांशी बोल." तो विद्यार्थी आज बंगळुरूहून आलाय. मागे उभा आहे. दाढी करून आलाय.

पण मला सांगायचंय ते उद्घाटनाचं.

पहिल्या तुकडीत अंकुश आणि सायली होते. त्यांनी लहान मुलांना गोष्टी सांगणारं ॲप केलं होतं. मूल म्हणेल त्या विषयावर ते नवी गोष्ट रचायचं आणि एका आजीच्या आवाजात सांगायचं. काय गोड आवाज होता! उद्घाटनाला तेच दाखवायचं ठरलं. खर्च उचलणारे एक उद्योजक तर तो आवाज ऐकून खूश झाले होते.

तयारी चालू असताना मॅडमनी सहज विचारलं, "आवाज कुणाचा आहे रे हा?"

अंकुश म्हणाला, "इंटरनेटवर मिळाला, मॅडम. देवळाली कॅम्पच्या एक रिटायर्ड शिक्षिका आहेत, नातवंडांसाठी गोष्टी टाकतात. त्यावरून शिकवला मशीनला."

"बाईंना विचारलंत?"

अंकुश सायलीकडे बघायला लागला.

मॅडम ओरडल्या नाहीत. पर्स उचलली आणि म्हणाल्या, "चला." आम्ही चौघं बसने देवळाली कॅम्पला गेलो. त्या निर्मलाबाई. त्यांनी पाणी दिलं, बसवलं. मॅडमनी सगळं खरं सांगितलं आणि फोनवर एक गोष्ट लावली. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही गोष्ट मी आयुष्यात कधी सांगितलेली नाही. पण सांगतेय मीच."

त्यांनी फोन मॅडमकडे परत सरकवला. म्हणाल्या, "न विचारता कुणी घरात शिरलं तर त्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा."

मॅडम म्हणाल्या, "बाहेर जा म्हणायचं."

"मग जा."

मॅडमनी हात जोडले आणि उठल्या. बसमध्ये अंकुश रडकुंडीला आला होता. "मॅडम, तुम्ही त्यांना समजावलं का नाही?"

"नाही म्हणणं हा त्यांचा हक्क आहे, अंकुश. त्यात समजवायचं काय?"

त्या उद्योजकांना फोन मीच लावून दिला. ते म्हणाले, "मॅडम, कोणाला कळणार आहे?"

मॅडम म्हणाल्या, "मला कळलंय ना."

त्या उद्योजकांनी हात काढून घेतला. मंडप गेला, जेवण गेलं. मला वाटलं, उद्घाटनच गेलं. पण कॉलनीतल्या बायकांनी पोहे केले, चहा केला, आणि ठरल्या दिवशी ठरल्या वेळेला केंद्र सुरू झालं. मॅडमनी माईक हातात घेतला आणि पाहुण्यांना सांगितलं, "आज आम्ही एक ॲप दाखवणार होतो. ते दाखवणार नाही, कारण त्यात चोरी झाली होती." तेवढ्यात अंकुश आणि सायली आपणहून उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मॅडमनी दोघांच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक यांची आहे. आणि ही दोघं माझी आहेत. हे केंद्र यासाठीच आहे."

मी टाळ्या वाजवायला विसरले होते. तुमच्यातले जे त्या दिवशी तिथे होते, त्यांना आठवत असेल.

पुढे काय झालं? सायली कॅम्पातच वाढलेली. वडील फौजेत, कायम लांब. ती एक दिवस मॅडमना म्हणाली, "आजीचा आवाज कशाला? ज्या मुलाचे बाबा लांब आहेत, त्याला बाबांचाच दिला तर? बाबांना विचारून?" मॅडमनी तिला तिथेच पेढा भरवला. अट मात्र घातली, आवाज बंद करायचं बटण वडिलांच्या हातात राहील. दोघांनी सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून बांधलं. आज सीमेवरच्या जवानांच्या कितीतरी घरांत बाबा रोज संध्याकाळी गोष्ट सांगतात. एका जवानाची बायको मॅडमना भेटायला आली होती. म्हणाली, "मॅडम, हे सुट्टीवर आले ना, तर या वेळी पोरगी लाजली नाही हो. थेट कडेवर गेली." मॅडम आत जाऊन चष्मा पुसत बसल्या.

आणि निर्मलाबाई? त्यांनी आवाज दिला नाही. आजही दिलेला नाही. पण मॅडम अधूनमधून त्यांना भेटायला जात राहिल्या, काही न मागता. एक दिवस बाई स्वतःच केंद्रात आल्या. "गोष्ट कशी सांगायची, ते तरी शिका," म्हणाल्या. तेव्हापासून येतात. आज त्या पगारे सरांच्या शेजारी बसल्या आहेत.

सांगा, आणखी काय हवं? माझ्या नाशिकमध्ये, एका रिटायर्ड बाईनं, जगातलं सगळ्यात नवं तंत्र शिकणाऱ्या मुलांना आधी दार वाजवायला शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी आहे. मला याचा अभिमान आहे. फार अभिमान आहे.

काल मी पगारे सरांना, मॅडमच्या मिस्टरांना, विचारलं, "सर, नवी तुकडी पुढे ढकलू का?" सर म्हणाले, "ती मला घरात घेणार नाही." म्हणून सोमवारी नवी मुलं येतायत. ज्यांनी मॅडमना कधी पाहिलं नाही, अशी पहिली तुकडी. त्यांच्यापुढे आता आपल्याला उभं राहायचंय.

आता सगळ्यांनी उठूया. काही क्षण कुणीच काही बोलायचं नाही.

जय भीम, मॅडम.