टॉर्मड मॅकस्वीन यांची शवपेटी राहत्या गाडीतून नेल्याबाबत

जबाब
स्कार्वे बेट पोलीस ठाणे, शुक्रवार

मी, फर्गस विल्यम पेट्री, वय ५४ वर्षे, धंदा शेगड्या व धुराडी बसवणे, हे काम कोणाच्या हाताखाली न शिकता स्वतः शिकलेला, मूळ राहणार आर्ब्रोथ, सध्या राहणार स्वतःच्या कॅम्परव्हॅनमध्ये, हवालदार मॅकास्किल यांच्यासमोर बसून सांगतो ते असे.

सदर गाडी मी जुन्या टपालगाडीच्या सांगाड्यावर बांधली. ओटा, कपाटे, मागचा दरवाजा, सगळे माझ्या हातचे. गाडी पुरी झाल्यावर आर्ब्रोथचे घर विकले. गाडीची उंची नऊ फूट अकरा इंच, हे कृपया नोंदवावे.

मी व माझी पत्नी उना सोमवारी फेरीबोटीने बेटावर उतरलो. धक्का दक्षिणेला आहे आणि आम्हाला उत्तरेचे समुद्राकाठचे कडे बघायचे होते. रस्ता एकच. मध्ये खडक पोखरून काढलेली, वरून बंद अशी खिंड आहे, तिला इथले लोक 'घसा' म्हणतात. तोंडाशी 'उंची दहा फूट' अशी पाटी आहे. ती वाचूनच मी आत शिरलो. पलीकडचे तोंड आले, गाडीचे नाक बाहेरही पडले, तेवढ्यात वरचा खडक छताला टेकला. पुढे जाईना, मागे येईना. "अडकली" हा शब्द हवालदारांचा आहे. माझ्या मते गाडी थांबली. मापे घेतल्यानंतर मी जादा स्प्रिंगा बसवल्या होत्या, त्याचा इथे संबंध नाही.

टायरमधली हवा सोडा, हे मला बेटावरच्या प्रत्येक माणसाने सांगितले. सोडली होती. तरीही दोन बोटे कमी पडत होती.

खिंडीत गाडीच्या बाजूने माणूस जाईल एवढी जागा नव्हती. म्हणून लोक मागच्या दाराने आत शिरत आणि चालकाच्या दाराने पलीकडे उतरत. याला माझी हरकत नव्हती. परंतु कोणाच्या घरातून चहा न घेता बाहेर पडणे म्हणजे त्या घराचा अपमान, अशी इथली रीत आहे. पोस्टमन बसला. मेंढ्यांची डॉक्टरीण बसली. उत्तरेच्या दोघी बहिणी धक्क्याकडे जाताना बसल्या आणि येतानाही बसल्या. त्यातली थोरली म्हणाली, "उनाबाई, चहा झकास हो, पण खुर्ची हलते तुमची." ती खुर्ची मी नंतर तपासली. हलत नाही.

मंगळवारी दक्षिणेचे टॉर्मड मॅकस्वीन वारले. दफनभूमी उत्तरेला. इथे शवपेटी घरापासून कबरीपर्यंत खांद्यावरूनच नेतात आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. काल सकाळी मयताचे धाकटे भाऊ एवन, म्हणजे या प्रकरणातले तक्रारदार, पत्रा कापायचे यंत्र घेऊन आले.

"पेट्री, बाजूला हो. माझा भाऊ तुझ्या ओट्याला वळसा घालून जाणार नाही."

"हे माझं घर आहे," मी म्हणालो. "दुसरं नाही."

"घराला कुठं चाकं असतात?"

"एवनदादा," उना म्हणाली, "कालच या घरात चार बिस्किटं खाल्लीत. तेव्हा नाही दिसली चाकं?"

मी तासाभराची मुदत मागितली. पेटी मागच्या दाराने सरळ आत येत होती. अडचण चालकाच्या आसनापाशी वळण्याची. आसन काढले की वळेल, असा माझा हिशेब होता. पेटी आत घेऊन आमच्या पलंगावर ठेवली. खांदेकरी आठ, मयताची पत्नी श्रीमती पेगी आणि तक्रारदार, सगळे आत आले. आसनाचा पहिलाच बोल्ट गंजलेला निघाला. मी त्याच्याशी झटत असताना उनाने सवयीने किटली चढवली.

"आता चहा?" एवन म्हणाले. "हा समोर असताना?"

श्रीमती पेगी म्हणाल्या, "टॉर्मड जन्मात कुणाच्या घरातून चहाशिवाय उठला नाही. आज तू उठवतोस काय त्याला? बस खाली."

तक्रारदार बसले. ते अंगाने भरपूर आहेत. ते बसताच छतावर करकर झाली.

"फर्गस," उना म्हणाली, "वरच्या खिडकीतून आभाळ दिसतंय."

वजनाने स्प्रिंगा दबून छत खडकापासून सुटले होते. मी गाडी सुरू केली. कोणीही उतरू नका, असे ओरडलो, कारण एकजण जरी उतरला असता तरी छत पुन्हा टेकले असते. खिंडीबाहेर पडताच का थांबला नाहीत, असे हवालदार विचारतात. पुढे उतार आहे. हवा सोडलेल्या टायरांवर, एवढ्या वजनाने, गाडी दफनभूमीच्या फाटकाशीच थांबली. चहा कोणाचाही सांडला नाही. वाटेत श्रीमती पेगी यांनी एकदा हसल्यासारखा आवाज केला. मी आरशात पाहिले नाही.

खिंडीपासून फाटकापर्यंतचा खांदा एवन यांचा होता. तो टप्पा गाडीने खाल्ला. त्यांची तक्रार एवढीच आहे आणि ती खरी आहे.

उद्याच्या बोटीने आम्हाला परतायचे आहे. धक्का दक्षिणेला, गाडी उत्तरेला. टायरांत हवा किती ठेवायची ते मी पाहतो, पण वजन तेवढेच लागणार. दगड भरायला परवानगी मिळावी, अशी मी विनंती केली. तक्रारदार ठाण्यातल्या बाकावरच बसलेले होते.

"दगड?" ते म्हणाले. "माणसं मेली काय बेटावरची? आम्ही बसू."

"म्हणजे तक्रार मागे घेता?" हवालदारांनी विचारले.

"तक्रार आहे तिथंच राहू दे."

मी म्हणालो, सगळे बसलात तरी टॉर्मड यांच्याइतके वजन कमीच पडेल.

तक्रारदार बाकावरून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "तेवढं दगडांचं पोतं मी घेतो. खांद्यावर."

पोते मांडीवर घेतले तरी चालेल, वजनात फरक पडत नाही, हे मला माहीत आहे. जबाबात 'खांद्यावर' असेच लिहायला मी सांगितले.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. फक्त उंचीच्या आकड्यापुढे "स्प्रिंगा बसवण्याआधीची" एवढे शब्द माझ्या सांगण्यावरून वाढवले, आणि मग सही केली.

फ. वि. पेट्री