आनंदराजच्या मापाची

चांदबी : मावशी, किती दाबाल? पॅड हाय ते, कणीक न्हाई.

भामाबाई : नरम हाय का बघून राहिले. पण ही न्हाई पायजे मला. काळी पायजे, बाजूनं हिरवा पट्टा असलेली. सायकलवाले घालतात ती चड्डी, आतून गादीची. तुमच्याच दुकानची व्हती. पिशवीवर नाव व्हतं.

चांदबी : हिरव्या पट्ट्याची बी हाय. काढते, पण अगुदर सांगा, कोणाला पायजे?

भामाबाई : सुनेला.

चांदबी : माशाल्ला! सून सायकल चालवते?

भामाबाई : तीन महिने झाले. विष्णुपुरीला राहतो आम्ही. आधी नुसती धरणापोतर जायची, आता लोह्याच्या रस्त्यानं लांब लांब जाती. सकाळी दोन तास सायकल, मग अंघोळ, मग शाळेत शिकवायला.

चांदबी : आन् इतके दिवस काय घालून चालवते?

भामाबाई : सलवार. सीटवर गोधडीचा तुकडा बांधती सुतळीनं. लई घासलंय तिला. बोलत न्हाई, पण खोबरेलाची बाटली आठ दिवसांत संपली. आन् बसती ती पलंगाच्या काठावर, एकाच अंगावर. मला काय डोळे न्हाईत का?

चांदबी : तौबा! गोधडी तर बिलकुल नक्को. सरकते, तिची शिवण रुतते, आन् जिथं रुतते तिथंच फोड येतो. नवीन माणसाला वाटतं, जितकं जाड तितका आराम. तसं नसतं हो. पॅड पातळ असला तरी चालतो, घट्ट पायजे. दाबला की परत वर आला पायजे. हा बघा, दाबा. आला ना वर? आता तो महागाचा दाबा, आत जेल हाय त्याच्यात.

भामाबाई : गार लागतंय हाताला.

चांदबी : दुकानात गार लागतं म्हणून लोक खूश होतात. उन्हात तासभर चालवली की तेच गरम होतं. नवीन माणसाला साधा फोमच बरा, पैसे बी कमी. आन् एक सांगते, शरमू नका. ह्याच्या आतून काही घालायचं न्हाई.

भामाबाई : काही न्हाई म्हणजे?

चांदबी : म्हणजे काहीच न्हाई. चड्डीवर चड्डी घातली की आतली शिवण घासते. ही अंगालाच लागून पायजे. वरून सलवार घाला, बुरखा घाला, माझं काय जातंय?

भामाबाई : अगं माय! हे तिला मी कसं सांगू?

चांदबी : तुम्ही नक्का सांगू, चिठ्ठीवर लिहून देते. मास्तरीण हाय, वाचेल. ही घ्या तुमची हिरव्या पट्ट्याची. माप कोणतं?

भामाबाई : एल. तसंच लिहिलेलं व्हतं आतल्या पट्टीवर.

चांदबी : सून अंगानं भरलेली हाय का?

भामाबाई : न्हाई हो. काडी झालीय.

चांदबी : मग एल कशी? आन् मावशी, ही तर बाप्यांची हाय.

भामाबाई : असू द्या. हीच पायजे.

चांदबी : असं कसं असू द्या? बसायची हाडं बायांची रुंद असतात, बाप्यांची जवळ जवळ. बाप्याच्या पॅडला मधी उंचवटा असतो, तो बाईला टोचतो. वरून ढगळी. ढगळी चड्डी म्हणजे पॅड इकडं, माणूस तिकडं. गोधडी बरी म्हणायची वेळ येईल तुमच्या सुनेवर. बायांची देते, काळीच देते. फक्त पट्टा न्हाई तिला.

भामाबाई : पट्टा न्हाई तर काय उपयोग?

चांदबी : पट्ट्यावर बसायचंय का तिला? थांबा... एल, हिरवा पट्टा. एक पोरगा न्यायचा माझ्याकडून. उंच, चष्मेवाला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपात कामाला. असा घासाघीस करायचा की शेवटी मीच म्हणायची, बाबा, घेऊन जा फुकट. मग हसून पुरे पैसे द्यायचा.

भामाबाई : आनंदराज. माझा लेक.

चांदबी : तुमचा? अरे वा! मग त्यालाच पाठवायचं की. बायकोचं माप त्याला बरोबर मालूम असेल. लई दिवसांत आला न्हाई.

भामाबाई : गेल्या साली दिवाळी झाली आन् डेंगू झाला त्याला. आठ दिवसांत खेळ खल्लास, आपा. बत्तीस वर्षांचा व्हता.

चांदबी : या अल्ला. बसा मावशी. ह्या स्टुलावर बसा. मला कोणी सांगितलंच न्हाई.

भामाबाई : तुम्हाला कोण सांगणार? गिऱ्हाईकच ते.

चांदबी : म्हणून सून सायकल चालवते. त्याचीच सायकल?

भामाबाई : त्याचीच. सीट खाली करून घेतली. लातूरचं माहेर हाय तिचं. हा म्हणायचा, एक दिवस सासऱ्याच्या दारात सायकलवर येऊन उभा राहतो, बघ. राहूनच गेलं. आता ती जाणार हाय ह्या रविवारी. एकलीच.

चांदबी : लातूरला? सव्वाशे-दीडशे किलोमीटर होतं ते! आन् तुम्ही तिला बाप्यांची ढगळी चड्डी देऊन राहिले?

भामाबाई : माझं ऐका तर. त्याचे कपडे म्या सगळे वाटून टाकले. जलदानविधी झाला, त्याच दिवशी. रीतच हाय ती. शर्ट, पँटी, स्वेटर, सगळं. सुनेनं, प्रियानं, त्याची ही एवढी चड्डी ठेवून घेतली कपाटात, पिशवीत घालून. मग उन्हाळ्यात भांडेवाली आली. जुन्या लुगड्यांवर स्टीलची चाळणी द्यायला तयार झाली, पण म्हणाली, मावशी, अजून एक कापड टाका. मी आत गेले, हाताला ही लागली. दिली. जुनं फडकं समजून.

चांदबी : आन् सुनेला कळलं.

भामाबाई : संध्याकाळीच कळलं. ओरडली न्हाई, रडली न्हाई. एवढंच म्हणाली, चाळणी चांगली आहे. तवापासून तिनं त्या चाळणीला हात लावला न्हाई. पीठ न चाळता मळती. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच बोलणं राहिलंय घरात. लातूरहून तिच्या आईचे फोन येतात, लेकरू-बाळ न्हाई, वय हाय, दुसरं बघू. ती रविवारी गेली आन् तिथंच राहिली तर? मला दुसरं कोण हाय? म्हणून म्हटलं, तिची वस्तू तिला परत करावी. तशीच्या तशी. मग येईल ती माघारी.

चांदबी : मावशी, राग मानू नका. तशीच्या तशी दुकानात मिळत असती तर मी पयली माझ्या नवऱ्याची टोपी घेतली असती. ही कोरी हाय. त्याच्या अंगाला लागलेली न्हाई. हिला बघून ती खूश होणार न्हाई, उलट पुन्हा आठवेल तिला.

भामाबाई : मग काय करू?

चांदबी : कपाटात ठेवायला घेता का चालवायला? कपाटात ठेवायची तर ही न्या. चालवायची तर बायांची न्या.

भामाबाई : दोन न्हाई जमणार मला.

चांदबी : एकच न्या. पण माप पायजे. कंबर आन् सीट, म्हणजे बसायच्या भागाचा घेर. फोन लावा तिला.

भामाबाई : मी? काय बोलू?

चांदबी : कंबर किती, एवढंच. लावा.

(भामाबाई फोन लावतात. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून चांदबी तो स्पीकरवर टाकते.)

बुद्धप्रिया : आत्या? काय झालं? बरं आहे ना?

भामाबाई : बरं हाय. प्रिया, तुझी कंबर किती?

बुद्धप्रिया : काय?

भामाबाई : कंबर. इंचात. आन् सीट बी सांग.

बुद्धप्रिया : तुम्ही आहात कुठं?

भामाबाई : नांदेडात. चांदबीआपाच्या दुकानात. तुला सायकलची चड्डी घेऊन राहिले.

बुद्धप्रिया : चड्डी? मला?

भामाबाई : ऐकू येतंय का?

बुद्धप्रिया : येतंय. तुम्हाला कोणी सांगितलं मला लागतंय म्हणून?

भामाबाई : तेलाच्या बाटलीनं.

बुद्धप्रिया : तुम्ही एकट्या गेलात? बसनं? मला म्हणायचं होतं, मी आले असते सोबत.

भामाबाई : कशी म्हणू? तू बोलतीस का माझ्याशी? मी त्याच्यासारखीच घेत व्हते, हिरव्या पट्ट्याची. म्हटलं तुझी तुला परत द्यावी.

बुद्धप्रिया : ती परत येत नसते, आत्या. राहू द्या आता. तुम्हाला माहीत नव्हतं, चुकून गेली.

भामाबाई : चुकून न्हाई गेली.

बुद्धप्रिया : म्हणजे?

भामाबाई : मी खोटं बोलले. तुझ्याशी बोलले, आत्ता ह्या आपाशी बी बोलले. मला ठाऊक व्हतं ती त्याची हाय. पिशवीतून काढून, घडी उलगडून दिली म्या.

बुद्धप्रिया : का?

भामाबाई : शाळेतून आलीस की तू कपाट उघडून तिला हात लावायचीस. मी चुलीपुढून बघायची. माझ्याकडं काय व्हतं हात लावायला? लोक म्हणाले वाट, मी वाटून बसले सगळं. एक रुमाल ठेवला न्हाई म्या. नऊ महिने पोटात ठेवला त्याला, आन् वस्तू मात्र तुझ्याकडं. बघवलं न्हाई मला. जळले मी, पोरी. सुनेवर जळले.

चांदबी : मावशी...

भामाबाई : बोलू द्या आपा. सहा महिने झाले, गिळता येत न्हाई आन् थुंकता येत न्हाई.

बुद्धप्रिया : तेव्हाच सांगायचं होतं ना. मी भांडले असते तुमच्याशी. कडाकडा भांडले असते. मग रडलो असतो दोघी.

भामाबाई : भांड की मग आता.

बुद्धप्रिया : आता नाही येत भांडायला.

भामाबाई : मग रविवारी जाऊन ये, सोमवारी भांड. मी हायच घरी.

बुद्धप्रिया : आत्या, मलापण एक सांगायचंय. आठ दिवस झाले, रोज ठरवते आणि रोज राहून जातं.

भामाबाई : सांग.

बुद्धप्रिया : मला लातूरच्या शाळेत नोकरी मिळालीय. सोमवारपासूनच जायचंय. सामान माझा दादा गाडीत घालून नेणार आहे. मी सायकलवर जाईन, ह्यांनी ठरवलं होतं तेवढं मी पूर्ण करणार. आणि मग तिथंच राहणार.

भामाबाई : लग्न ठरलं का?

बुद्धप्रिया : नाही हो. लग्नाचं काही नाही. मला करायचंही नाही आत्ता.

भामाबाई : मग कामून?

बुद्धप्रिया : गेट वाजलं की मी अजून दाराकडं बघते. पोस्टमन असला तरी. रोज. तुम्ही वाईट नाही आत्या, तुमच्यामुळं नाही. त्या घरात माझा श्वास कोंडतो.

भामाबाई : मी बी बघती दाराकडं.

बुद्धप्रिया : माहीत आहे मला. दोघी बघतो आणि एकमेकींना दिसू देत नाही. किती दिवस करायचं असं?

चांदबी : पाणी घ्या मावशी. घोटभर घ्या.

बुद्धप्रिया : आत्या? आत्या, बोला ना. भेटायला येत जाईन मी. सुट्टीत येईन. तुम्ही या लातूरला. शिव्या द्या पाहिजे तर, पण गप्प नका बसू.

भामाबाई : तुझ्या सामानात लोणच्याची बरणी घाल. मोठी. तिकडं तुझ्या आईला जमत न्हाई लोणचं.

बुद्धप्रिया : हो.

भामाबाई : आन् दादाला म्हण, गाडी हळू चालव. आनंदराजची हत्याराची पेटी हाय ना, पाने-बिने असतात ती, ती बी घेऊन जा. पंक्चर झालं तर लागेल. मी काय करू तिचं?

बुद्धप्रिया : ती तुमच्याकडं राहू द्या. हात लावायला.

चांदबी : मावशी, ही हिरव्या पट्ट्याची आत ठेवून देते मी. पुन्हा कधी पायजे तर सांगा.

भामाबाई : हाव, ठेवा. ती बायांची काढा. प्रिया, कंबर किती म्हणलीस?

बुद्धप्रिया : राहू द्या ना आत्या. कशाला खर्च? मी नेते आपली गोधडी बांधून. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

भामाबाई : आपा थांबल्यात. सांग.

बुद्धप्रिया : कंबर एकोणतीस. सीट सदतीस. पण मी तर जाणारच आहे, आत्या. तुम्ही मला अडवायला घेत होता ना?

भामाबाई : हाव. अडवायलाच घेत व्हते.

बुद्धप्रिया : मग आता कशाला घेता?

भामाबाई : जायचंच हाय, तर दुखत कामून जावं, पोरी?