बैल शोधायला गेलेला खंडोजी

मंडळी, आजचं आख्यान तुम्हाला पटायचं नाही! पैज लावतो — यातलं एक खोटं धरून दाखवा, हा डोईवरचा फेटा तुमचा! आता प्रश्न ऐका. घर सोडून गेलेला माणूस घरातून वजा होतो का?

नाही कळत? मग दौलूला विचारू!

हा दौलू नदीकाठचा. पणजोबा खंडोजी पुरात वाहत आला, इथंच राहिला, आणि पोर तान्हं असतानाच वारला. मागं उरलं नुसतं नाव. गाव दौलूला म्हणायचं 'वाहून आलेला'. हसून घ्यायचा बिचारा! घरातली लग्नं आंब्याची डहाळी देवक म्हणून बांधून उरकली. पण लेकीच्या सोयरिकीला व्याही भेटला खमका.

"पाव्हणं, तुमचं खरं देवक कंचं? मूळ गाव कंचं? ते कळंस्तवर सुपारी फुटायची न्हाई!"

दौलूची मान खाली. आत लेक हातात चहा घेऊन तशीच उभी!

तेवढ्यात गावात कोण आलं? हेळवी! बैलावर बसून गावोगाव फिरणारा, घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणणारा. दौलूनं त्याचा बैलच धरला.

"देवा, खंडोजी नावाचा कोण गावतोय का बघा!"

हेळव्यानं डोळे मिटले. सूर धरला. "आंबेघोळचा तुळोजी... सरला. थोरला रायाजी... सरला. धाकटा खंडोजी..." — आणि थांबला!

"का थांबला?"

"सरला म्हनायचं कसं? बैल हरवला, बाप कावला — बैलाबिगार उंबरा चढू नगंस! पोरगं गेलं शोधायला. नदीला पूर. अजून यायचा हाय त्यो!"

दौलू उठला, तडक आंबेघोळला! पितृपाट, म्हणजे पितरांचा पंधरवडा, चालू होता. तुळोजीच्या घरात पंगत आणि उंबऱ्याबाहेर एक पान वेगळं वाढलेलं. न परतलेल्या माणसाचं! पिढ्या उलटल्या, पान चुकलं नाही.

"कोन पायजे?" हौसाक्का दारात आली. घरातली सगळ्यात थोर.

दौलू म्हणाला, "खंडोजीचा पणतू मी. बैल... बैल घावला का?"

म्हातारीनं त्याचा हातच धरला. "आरं, त्यो त्याच सांजंला आला! उशीर तुमीच केलासा! बस पानावर. देवक आपलं कळंब हाय — पर आदी जेव!"

सुपारी फुटली, मंडळी! लेकीच्या मांडवाला कळंबाची डहाळी लागली! आणि तुम्ही? रुसून गेलेला भाऊ, तुटलेली बहीण — तुमच्या उंबऱ्याशी आहे का कुणाचं पान? की गेला तो गेला, म्हणून उष्टं काढून मोकळे? असं पान थंड होत नाही, बाबांनो! दौलू बसला तेव्हा त्या भातातून वाफा निघत होत्या! किती वर्षांचा भात, आणि वाफा—

"खोटं!" श्रोत्यांतल्या बायकांच्या बाजूनं खुद्द हौसाक्का उठली. "गारढोन भात हुता! मीच वाढला, आन् माझ्या नातवानं रडत रडत तसाच खाल्ला. काडा फेटा, बुवा!"