वीस मॅगझिन, तीस दिवस

संपदा: वीस मॅगझिन, प्रत्येकात पाच काडतुसं, म्हणजे शंभर बार. अडकलं किती? शून्य. बाबाजी, हे मी मोठ्याने वाचतेय ते तुमच्यासाठी. जरा हसा तरी.

बाबाजी: ऐकतोय, मॅडम.

संपदा: गेल्या खेपेला दुसऱ्या कंपनीच्या बंदुका होत्या, त्या सात वेळा अडकल्या. मी बंदुकीला नावं ठेवत होते आणि तुम्ही म्हणालात, बंदूक चांगली आहे, मॅगझिन वाईट आहे.

बाबाजी: वाईटच होतं. खालून स्प्रिंग रेटते, आणि काडतूस प्लास्टिकचं. महिनाभर रेटलं की ते चेपतं. चेपलेलं वर चढताना अडकतं. त्यात नवीन काय नाही.

संपदा: म्हणून तर ही टेस्ट. पंचावन्न डिग्रीच्या कपाटात भरून ठेवायची, तीस दिवस हात लावायचा नाही, एकतिसाव्या दिवशी उडवायची. मुदीर सकाळपासून दोनदा विचारून गेले, मॅनेजर म्हटल्यावर घाई असणारच. रास अल खैरच्या प्लांटवरचे गार्ड या बारा बोअर बंदुकांची वाट बघतायत. चला, इथे सही करा. आर्मररच्या रकान्यात, बंदुका तुम्हीच सांभाळता ना.

बाबाजी: नाही करता येणार.

संपदा: का? पेन देऊ?

बाबाजी: पेन आहे. शून्य अडकली असं लिहा, त्यावर करतो सही. तीस दिवस लिहू नका.

संपदा: पंधरा सप्टेंबरला तुम्ही आणि मी मिळून भरली. आज तीस दिवस झाले. माझं गणित चुकतंय का?

बाबाजी: गणित बरोबर आहे. मध्ये मी ती रिकामी केली होती.

संपदा: काय?

बाबाजी: खंडेनवमीला. सकाळी लवकर आलो, कपाट उघडलं, वीसच्या वीस मॅगझिन उतरवली. फडक्याने पुसली. तुम्ही त्या दिवशी प्लांटवर गेला होतात. काडतुसं टेबलावर मांडून ठेवली. दुसऱ्या दिवशी येऊन परत भरली. म्हणजे आधी सोळा दिवस, मग एक दिवस मोकळी, मग तेरा. स्प्रिंगला सुटी मिळाली, काडतूस परत गोल झालं. असं असल्यावर शंभर बार सुटणारच.

संपदा: थांबा. मला नीट समजू द्या. चाव्या दोनच आहेत, एक माझ्याकडे आणि एक तुमच्याकडे. ती तुमच्याकडे का ठेवली, तर अख्ख्या रियाधमध्ये मला तुमच्याइतका भरवशाचा माणूस दिसला नाही म्हणून. आणि तुम्ही इथे पूजा केलीत?

बाबाजी: पूजा नाही. फूल नाही, हळद नाही, कुणी बघितलं तरी माणूस साफसफाई करतोय एवढंच दिसलं असतं. नुसतं रिकामं केलं आणि पुसलं.

संपदा: पण का?

बाबाजी: घरी बायको करायची, शेवंता. मी सुटीवर असलो की पडवीत गोणपाट अंथरायची. कोयता, पारय, फावडं, सगळं धुऊन मांडायची. माझ्या बापाची जुनी बारा बोअर होती, शेती सांभाळायच्या परवान्यावरची. ती मला आधी रिकामी करायला लावायची. म्हणायची, वर्षभर भरलेली असते, आज तिला मोकळी ठेवा, दमली असेल. मी हसायचो. बंदूक कधी दमते काय?

संपदा: म्हणून यंदा तुम्ही तिच्याऐवजी...

बाबाजी: तसं पण नाही, मॅडम. तिला जाऊन अडीच महिने झाले. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर सण करत नाहीत. मला तर काहीच करायचं नव्हतं. कॅम्पात माझ्या खोलीतला शौकत म्हणाला, आज तुमची नवमी ना रे, तेवढं कानावर पडलं. मग इथे आलो, आणि हाताने आपलं आपण केलं. दहावं मॅगझिन हातात होतं तेव्हा लक्षात आलं की ही टेस्टची आहेत.

संपदा: तेव्हाच मला फोन करायचा.

बाबाजी: करायला पाहिजे होता. म्हटलं आता दहा झालीच आहेत, उरलेली पण होऊ देत.

संपदा: तुम्हाला भीती नाही वाटली?

बाबाजी: काय वाटतच नाही हल्ली. मीठ जास्त झालं तर कळतं. पाणी गरम असलं तर हात मागे येतो. बाकी काय नाही. तुम्ही आता ओरडलात तरी मला काय होणार नाही, म्हणून ओरडा खुशाल.

संपदा: मला ओरडता येत नाहीये, हीच पंचाईत आहे. बाबाजी, ही टेस्ट परत करायची म्हणजे अजून तीस दिवस. तुमची रजा या टेस्टनंतर आहे. आणि घरी तुमची लेक, किशोरी, वाट बघतेय.

बाबाजी: होय.

संपदा: तुम्हीच सांगितलं होतंत मला. आईच्या अस्थी तुमच्या भावाने दहाव्याला विसर्जित केल्या, पण तिने थोड्या मागे ठेवल्या. बाबा येतील आणि खाडीत सोडतील म्हणून. घरात आणायच्या नसतात, तर मागच्या रतांब्याच्या झाडाला मडक्यात बांधून ठेवल्यात. ते ऐकल्यापासून मला नीट जेवण जात नव्हतं.

बाबाजी: दिवाळीच्या आधी या म्हणाली होती.

संपदा: दिवाळी पाच दिवसांवर आलीय. मग ऐका. शंभर बार सुटले हे खोटं नाही. मॅगझिन चांगलीच आहेत, मला खात्री आहे. एका रात्रीचा काय तो फरक. मी तीस लिहिते, तुम्ही सही करा आणि परवाचं विमान पकडा. खलास. यात माझीही सही आहे, फक्त तुमची नाही.

बाबाजी: नको.

संपदा: कुणाला कळणार आहे?

बाबाजी: गार्डच्या पोराला कळेल. त्या चौकीत बंदूक महिनोनमहिने भरलेलीच असते. कोण काढतोय तिथे? आणि लागली तर एकदाच लागते. पहिलं काडतूस चढलं नाही, तर त्याने काय करायचं, मॅगझिन हलवत बसायचं? आपल्याला इथे बसवलंय ते एवढ्याचसाठी.

संपदा: म्हणजे अडीच महिन्यांनी तुमचा आवाज जरा चढला, तो त्या गार्डसाठी.

बाबाजी: त्याला आईबाप असतील.

संपदा: तुम्हाला मुलगी आहे.

बाबाजी: होय. आहे.

संपदा: मग मी मुदीरशी भांडते. आत्ता जाते. काय माणूस आहे तो! बायको गेलेल्या माणसाला ट्रायलच्या नावाखाली अडकवून ठेवायचं. अडीच महिने मी त्याला मनातून शिव्या घालतेय. समोर शुक्रन, थँक यू, सर, आणि मनात पुण्याच्या शिव्या. आज तोंडावर बोलते.

बाबाजी: त्याला काय बोलू नका.

संपदा: का नको?

बाबाजी: त्याने अडवलं नाही. श्रावणात फोन आला तेव्हा मी रेंजवर होतो. शौकतने जाऊन त्याला सांगितलं. तो स्वतः आला, माझे खांदे धरले, म्हणाला आज रात्रीचं तिकीट काढतो, जाण्यायेण्याचा एक्झिट री-एंट्री व्हिसा तासाभरात करून देतो. मीच म्हणालो, ट्रायल चालू आहे, संपल्यावर जातो. त्या दिवसाचे दोनशे बार बाकी होते, ते पूर्ण केले.

संपदा: पण तुम्ही मला सांगितलंत की रजा मिळत नाही.

बाबाजी: मी नाही सांगितलं. तुम्ही धरून चाललात. किशोरी पण तसंच धरून चालली. मी गप्प राहिलो.

संपदा: आणि ही टेस्ट? खंडेनवमीचं? बाबाजी, मी विचारतेय म्हणून रागावू नका. मुद्दाम केलंत का? म्हणजे परत तीस दिवस लागावेत म्हणून?

बाबाजी: माहीत नाही. रात्री पडल्या पडल्या मी पण तेच विचारतो. हाताने केलं एवढं खरं. पण आज शंभर बार सुटले आणि तुम्ही हसलात, तेव्हा मला वाटलं, आता सांगितलं की अजून एक महिना. आणि मला बरं वाटलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे. लाज वाटावी असं.

संपदा: बसा जरा. पाणी घ्या.

बाबाजी: तिथे गेलो तर चूल असेल, तिचं पातळ दांडीवर असेल, आणि ती नसेल. इथे मला ती आहेच असं चालतं. बारा वर्षं चाललंय. वर्षातून एक महिना जायचं, अकरा महिने ती तिथे आहे असं धरून राहायचं. अजून पण तसंच धरलेलं आहे मी. गेलो की ते सुटेल.

संपदा: मी काय शिकवणार तुम्हाला? मी तुमच्या मुलीपेक्षा दहा वर्षांनी मोठी, बस. पण एक विचारू? तीस दिवस मॅगझिन कपाटात असतात, तेव्हा आपण काय करतो?

बाबाजी: काय करायचं? तपमान लिहायचं.

संपदा: ते मी लिहिते. तुमची सही दोनच ठिकाणी लागते. भरताना आणि उडवताना. मधल्या तीस दिवसांत या कपाटाला तुमची काही गरज नाही.

बाबाजी: नाही.

संपदा: आधीच्या तीस दिवसांतही नव्हती. मला कसं सुचलं नाही?

बाबाजी: मला सुचलं होतं.

संपदा: अच्छा.

बाबाजी: पंधरा सप्टेंबरलाच. कपाटाला कुलूप लावताना.

संपदा: मग आता असं करू. मी रिपोर्टवर काट मारते. कारण लिहिते, मधल्या काळात मॅगझिन उतरवली गेली, टेस्ट बाद. नाव लिहावं लागेल तुमचं.

बाबाजी: लिहा. तेच बरोबर.

संपदा: ताकीद मिळेल कदाचित. मलाही मिळेल. मिळू दे. आज नवीन काडतुसं घेऊन वीसही भरू. तुम्ही सही करा, मी सही करते. आणि या वेळी दोन्ही चाव्या माझ्याकडे. शुक्रवारच्या मुंबईच्या विमानाचं मी मुदीरला सांगते. तीस दिवसांनी परत या आणि उडवा. यायचं नसेल तर तसं कळवा, मी दुसरा आर्मरर बघते. पण इथे, या खुर्चीवर तुम्ही हे तीस दिवस बसणार नाही. तेवढं मी होऊ देणार नाही.

बाबाजी: मॅडम, मला तिथे जाऊन रडू पण येणार नाही. लोक काय म्हणतील?

संपदा: लोकांना दुसरं काम काय? म्हणू द्या. तुम्हाला खाडीपर्यंत चालत जायचंय, एवढंच.

बाबाजी: खाडी लांब नाही. दहा मिनिटं.

संपदा: मग झालं तर. घ्या, पहिलं मॅगझिन. मोजा.

बाबाजी: एक. दोन. तीन. चार. पाच.

संपदा: पुढचं.

(वीस मॅगझिन कपाटात गेली आहेत. बाबाजींचे हात तेलकट आहेत, म्हणून संपदा किशोरीला फोन लावून स्पीकर सुरू करते आणि टेबलावर ठेवून बाहेर जाते.)

किशोरी: बाबा? ह्या वेळेक कसो फोन केलात? बरे आसास मां?

बाबाजी: बरो आसंय. जेवलंस?

किशोरी: जेवलंय. काकीन आमटी पाठवल्यान होती. टेस्टचा काय झाला? पास?

बाबाजी: नाय. बाद झाली. आज परत भरली.

किशोरी: म्हणजे अजून तीस दिवस. बरा. काकांका सांगतंय मी, दिवाळीआधी जमाचा नाय म्हणान.

बाबाजी: सांगू नको. शनिवारी सांजेक मी कणकवलीक उतरतंय.

किशोरी: खरा? सोडल्यानी त्यांनी?

बाबाजी: किशोरी, त्यांनी कधी अडवल्यानीच नाय. पयल्या दिवसापासून जा म्हणत होते. मीच येवक नाय.

किशोरी: माका म्हायत होता.

बाबाजी: कोणी सांगितल्यान? शौकतान?

किशोरी: कोणी नाय. तुमी दर फोनात टेस्टचाच सांगत होतास. आईचा नाव एकदा पण घेवक नाय तुमी.

बाबाजी: रागावलंस काय माझ्यार?

किशोरी: रागावलंय होतंय. श्रावणात लय रागावलंय. मगे दमलंय. बाबा, तुमी येतास मां खरे?

बाबाजी: येतंय. ता मडका झाडारच आसा मां अजून?

किशोरी: झाडारच आसा. पावसात भिजला म्हणान दोनदा फडका बदललंय.

बाबाजी: मीच न्हेतलंय खाडयेर. जड आसा काय गो?

किशोरी: नाय ओ, बाबा. एका हातात ऱ्हवता.