चहाच्या टेबलामागचा डबा

अलेक्झांड्रियात मिठाईची रांग हलेना, म्हणून पुढच्या दोघांचं बोलणं ऐकलं. वगदी एका ऑफिसात नेटवर्क सांभाळतो. हिल्मी त्याचा मेहुणा.

"काय इंजिनिअरसाहेब, सापडला का चोर?"

"सापडला. कॉम्प्युटरना नेटवर्कचे पत्ते वाटणारा डबा, म्हणजे राउटर, एकच असावा लागतो. आमच्याकडे दोन निघाले. दुसरा चुकीचे पत्ते वाटत बसला, म्हणून रमजानपासून अर्धं ऑफिस अधूनमधून बंद."

"तो तुमच्या ऑफिसातल्या इनायत मॅडमनी आणलेला ना? तूच तशी तक्रार केलीस."

"दोन पानी. त्यावरून तिची पार दक्षिणेला, असवानला बदली झाली."

"आजारी नवऱ्याला टाकून?"

"हो. आज वायर धरून गेलो, तर डबा चहाच्या टेबलामागं. वर चिठ्ठी: 'हात लावू नये. वगदी.' रमजानात मॅच बघायला मीच लावला होता."

"आणि विसरलास."

"मी विसरलो. चहावाल्यानं मात्र आजवर कुणाला हात लावू दिला नाही. अख्ख्या ऑफिसात माझं ऐकणारा तो एकटाच."

"साहेबाला सांगितलंस?"

"उद्या सांगतो. आज मॅडमकडे किलोभर रव्याचा गोड बसबूसा घेऊन जातो."

"म्हणजे गुन्हा तुझा, बदली तिची, वर तोंड गोड करायलाही तूच."

"मला अक्कल असती तर नेटवर्कवर बसवलं असतं का कुणी?"

"निघतेय कधी ती?"

"उद्या पहाटेच्या गाडीनं."

दुकानदारानं विचारलं, "किती देऊ?"

वगदीनं खिशातून फोन काढला आणि माझ्याकडं बोट केलं.

"आधी यांना द्या. मला आत्ताच साहेबाशी बोलायचंय."