बंड्याच्या टाकीतली वाळू

हसू नका, त्या दिवशी मी मोठा घोळ घातला होता. आमच्या वर्गातला मासा बंड्या, गोड्या पाण्यातला. त्याच्या टाकीत मी पहिल्यांदाच खरी झाडं लावली. मुळं रोवायला मांडवीच्या समुद्रकिनाऱ्यावरून ओली वाळू आणली आणि तशीच ओतली. तासाभरात बंड्या वर येऊन तोंड उघडायला लागला. पोरं टाकीभोवती गोळा झाली.

"बाई, तो मरतोय!"

सानिका पुढे आली. तिच्या घरी मासे सुकवतात. तिने पाण्यात बोट बुडवून चाटलं.

"वाळू धुतलीत?"

"नाही गं."

तिने पिण्याच्या पाण्याची बादली ओढली, बंड्याला ओंजळीने त्यात सोडलं. बराच वेळ तो आडवाच. मग शेपूट हलली.

तेव्हा कुठे सानिका माझ्याकडे वळली.

"बाई, मासा मेल्यावर खारवतात."