नव्या मीटरचा नारळ

मुंबईत बसून कायदे करणाऱ्यांचं काय जातंय हो? घर आपलं, भिंत आपली, अन् मीटर म्हणे त्यांच्या मर्जीचा! वसमतला आमच्या घरी मी न्हाई न्हाई म्हणत असताना वायरमननं जुना मीटर काढून नवा बसवलाच. तो झाकण लावणार, तेवढ्यात बायको पूजेचं ताट घेऊन आली. नवी वस्तू पूजेबिगर कशी वापरायची? हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला अन् त्याचं पाणी सढळ हातानं मीटरवर शिंपडलं. फट्ट! नवा मीटर बंद.

वायरमननं कपाळाला हात लावला. "वहिनी, काय केलंत! आता दुसरा येईस्तोवर जुनाच लावतो."

"अन् दुसरा कधी येईल?" मी विचारलं.

"सांगता येत न्हाई."

जीव भांड्यात पडला. त्याची पाठ वळताच बायकोला म्हटलं, "एक नारळ आणून ठेव."